पहिला दात पडण्याआधी

हे लिहायला बसले तेव्हा माझ्यासमोर एकच प्रश्न होता. गोष्टीत एखाद्याचे मरण आधीच सांगून ठेवलेले असते. ते नेमके कोणाला बांधून ठेवते? ज्याला मरायचे आहे त्याला, की ज्याने ते सांगितले त्याला? प्रश्न साहित्याचा दिसतो आणि मी तर आयुष्यभर गणित शिकवले. परंतु ज्या गृहस्थांमुळे तो मला पडला, त्यांना अशा भिंती मान्य नव्हत्या. म्हणून उत्तराकडे जाण्यापूर्वी त्यांची ओळख करून देणे क्रमप्राप्त आहे.

ते एका मराठी मालिकेचे लेखक होते. मालिका भुताखेतांची, संध्याकाळी सातला लागणारी. घोडबंदर रस्त्यावर चेणे गावाच्या अलीकडे पत्र्याच्या एका मोठ्या शेडमध्ये तिचा सेट उभा होता. आत शिरले की समोर काळ्या दगडांचा भव्य बंगला दिसे. दगड थर्मोकोलचे होते, खांब प्लायचे. जोराचा वारा सुटला की सेटिंगचा माणूस "बुरूज धर रे, बुरूज!" असे ओरडत धावे. या बंगल्यात सहा वर्षांची एक मुलगी काम करीत होती. तिचा अभ्यास बुडू नये म्हणून निर्मात्यांनी एक शिक्षिका नेमली. ती मी. भाईंदरच्या शाळेतून मी नुकतीच निवृत्त झाले होते आणि घरी बसून छताचे पंखे मोजण्यापेक्षा हे बरे, असा विचार मी केला होता.

पहिल्याच दिवशी मेकअपच्या खोलीत मी फळा टेकवला आणि बेरीज सुरू केली. थोड्या वेळाने मागे जमिनीवर एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ मांडी घालून बसलेले दिसले. सदऱ्याची गळ्यापर्यंतची सगळी बटणे लावलेली, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी हात वर केला.

"बाई, आत येऊ?"

"आपण आत आलेलाच आहात."

"मग एक शंका. सात आणि पाच बारा, हे कायमचं आहे का?"

"कायमचं."

"वरून कुणी सांगितलं की बदला, तरी?"

"तरी."

त्यांनी समाधानाने मान डोलावली. "आमच्याकडे नाही असं," ते म्हणाले, आणि वहीत बेरजा उतरवून घेऊ लागले. त्यानंतर वेळ मिळेल तेव्हा ते माझ्या वर्गात येत. गृहपाठही करून आणीत. मुलीचे नाव ओवी. मालिकेत तिचे नाव वेगळे होते, पण मी तिला ओवीच म्हणेन. तिला त्यांची वही तपासायला फार आवडे. "काका, हातचा विसरलात," ती म्हणे, आणि ते कान धरीत.

पिशवीत काय असते, हे मला पुष्कळ दिवसांनी कळले. त्यात एक विजेरी होती. बंगल्याच्या सेटवर एक अंधारा बोळ बांधलेला होता. तो ओलांडायचा झाला तर हे गृहस्थ भर दुपारी विजेरी लावून जात. मी एकदा म्हटले, "हा बोळ आपणच लिहिलेला ना?"

"म्हणून तर," ते म्हणाले. "आत काय आहे ते एकट्या मलाच ठाऊक आहे."

आमचे घर नांदेडकडचे, बौद्ध. शाप, नवस, दृष्ट काढणे या गोष्टींना वडिलांनी दाराबाहेरच ठेवले होते. तेव्हा या माणसाशी माझे जमणार नाही, असा माझा अंदाज होता. तो चुकला. कारण भुताच्या बाबतीत ते माझ्याहून कडक शिस्तीचे होते. मालिकेतल्या भुताचे नाव यमुनाबाई. त्यांचा उल्लेख ते नेहमी आदरार्थी बहुवचनात करीत. कोणी नव्या मुलाने येऊन "सर, भूत कुठंय?" असे विचारले की ते ओठांवर बोट ठेवीत. "यमुनाबाई जेवायला बसल्यात. जेवणाऱ्या बाईला असं हाकारू नये."

यमुनाबाईंचे नियम ठरलेले होते. त्या उंबरा ओलांडत नसत, मंगळवारी बोलत नसत आणि एकदा दिलेला शब्द मोडत नसत. मालिकेत वार कोण मोजतो? हे मोजीत. एकदा दिग्दर्शकांनी यमुनाबाईंना एक लांबलचक भाषण दिले. लेखक शेडच्या दुसऱ्या टोकाकडून धावत आले.

"आज मंगळवार आहे."

"सर, आज शुक्रवार आहे," दिग्दर्शक म्हणाले.

"तुमचा शुक्रवार. बंगल्यात मंगळवार आहे. काल तुम्ही सोमवारचा उपास दाखवलात."

भाषण रद्द झाले. यमुनाबाईंनी नुसते बघितले. ते दृश्य भाषणापेक्षा जास्त भीतिदायक ठरले, हे मला मान्य केले पाहिजे. पुढे ते मला म्हणाले, "भुतानं नियम सोडला ना बाई, की ते भूत राहत नाही. नुसता आवाज राहतो." मी आयुष्यभर मुलांना सांगत आले की पायरी गाळली की उत्तर बरोबर आले तरी गुण मिळणार नाहीत. दोन्ही वाक्यांचा आशय एकच आहे.

त्यांची सर्वांत विलक्षण सवय मात्र वेगळी होती. मालिकेत कोणी मेले, की ते त्या पात्राचा दहावा करीत. विनोद म्हणून नव्हे. भाग लागल्यापासून दहाव्या दिवशी सकाळी ते भाईंदरच्या खाडीवर जात, पानावर भात आणि वडा ठेवीत आणि कावळ्याची वाट पाहत उभे राहत. मी एकदा कुतूहलाने बरोबर गेले. त्या खेपेला बंगल्याचा कारभारी मेला होता. तो दुष्ट होता आणि त्याला मारायचे वाहिनीने ठरवले होते.

"मग आपण कशाला येता?" मी विचारले.

"वाहिनीनं मारलं म्हणून काय झालं? हात माझाच ना."

कावळे पुष्कळ होते, पण एकही पानाकडे येईना. खाडीवर मासळी उतरत होती. माझ्या मते कावळ्यांची पोटे भरलेली होती आणि तसे मी सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. मग पानाजवळ उकिडवे बसून ते मोठ्याने म्हणाले, "कारभारी, तुमच्या मुलाला मी वाईट करणार नाही. तो चांगलाच राहील. आता या."

बाजूला जाळे विणीत बसलेल्या म्हाताऱ्या कोळ्याने मान वर केली. "कोण गेलाय तुमचा?"

"कारभारी."

"न्हाय ओ, नात्यात कोण?"

तेवढ्यात एक कावळा उतरला आणि वडा घेऊन गेला. कोळी म्हणाला, "चला, गेला बिचारा," आणि पुन्हा जाळ्याकडे वळला. परतताना लेखक मला म्हणाले, "तुमचं मासळीचं म्हणणं खरं असेल. पण कावळा येईपर्यंत मला उभं राहावं लागतं ना. तेवढ्या वेळात आपण काय केलं, याचा विचार होतो."

कारभाऱ्याच्या मुलाला खलनायक करा, असा आग्रह वाहिनीने पुढे बरेच दिवस धरला. तो मुलगा शेवटपर्यंत सज्जन राहिला. कारण मला आणि एका कोळ्याला ठाऊक होते.

आता यमुनाबाईंच्या शापाविषयी. मालिकेची सगळी उभारणी एका वाक्यावर होती. दिवाणखान्यातल्या शिळेवर ते मोठ्या अक्षरांत कोरलेले होते : ‘या घरची लेक पहिला दात पडण्याआधी जाईल.’ गोष्ट अशी की, यमुनाबाईंची लहानगी मुलगी या बंगल्यात, घरच्यांच्या दुर्लक्षामुळे, दुधाचे सगळे दात तोंडात असतानाच गेली. त्या दुःखात त्यांनी शाप उच्चारला आणि मग स्वतःही गेल्या. पुढे प्रत्येक पिढीत एकेक मुलगी गेली. आता पाळी ओवीच्या पात्राची होती. तिचे मरण पहिल्या भागापासून ठरलेले होते. प्रेक्षकांना ती आवडू लागली तशी वाहिनी ते मरण पुढे ढकलीत गेली. काम करण्याची त्यांची पद्धतच अशी आहे : जे विकले जाते ते ताणायचे. ताणता ताणता एक गोष्ट सर्वांच्या लक्षातून निसटली. पात्राचे वय ताणता येते, मुलीचे येत नाही.

ओवीला मरणाविषयी कोणी काही सांगितले नव्हते. लहान आहे, तिला काय कळते, अशी सर्वांची समजूत. परंतु मी तिला वाचायला शिकवत होते. बाराखडी झाली, जोडाक्षरे सुरू झाली, आणि मुलाला वाचता येऊ लागले की ते भिंतींपासून सुरुवात करते. एका दुपारी ती दिवाणखान्यात शिळेसमोर उभी राहून मोठ्याने वाचीत होती. ‘पडण्याआधी’ या शब्दावर ती अडखळली, पुन्हा मागे आली आणि वाक्य पुरे केले. स्वतःच्या बळावर तिने वाचलेले ते पहिले पूर्ण वाक्य. मी शाबासकी द्यायला पुढे झाले आणि तिचा चेहरा पाहून थांबले.

त्यानंतरच्या दिवसांत एक विचित्र अडचण उभी राहिली. झोपेच्या दृश्यात ओवी एक डोळा मिटेना.

"ओवी, बेटा, झोप म्हणजे झोप!" दिग्दर्शक म्हणत.

"झोपलेय की."

"मग हा डोळा का उघडाय?"

"तो असाच झोपतो."

पुन्हा पुन्हा दृश्य घेतले गेले, तरी डोळा उघडाच. तिची आई माणगावकडची. रोज प्लास्टिकच्या खुर्चीत मांडीवर डबा घेऊन बसलेली असे. ती बिचारी कानकोंडी होऊन म्हणाली, "घरी बी असंच करतेय हो बाई. दिवा मालवू देत नाय."

वर्गात मी ओवीला सरळ विचारले. तिने पेन्सिलीला टोक काढता काढता उत्तर दिले. "दोन्ही मिटले की ते म्हणतील, हां, झालं, गेली."

तिने मग शंका मांडली. "टीचर, दात पडण्याआधी जाणार, असं लिहिलंय ना?"

"हो."

"आणि दात पडला, आणि मी इथंच असले, तर?"

"तर ते विधान खोटं ठरेल."

"म्हणजे मी वाचले?"

मी गणिताची शिक्षिका आहे. या प्रश्नाला दुसरे उत्तर नाही. "हो," मी म्हटले, "वाचलीस." मागे बसलेल्या लेखकांनी त्या वेळी हात वर केला नाही. ते वहीकडे बघत होते.

ओवीने तोंड उघडून मला खालचा पुढचा दात दाखवला. तो हलत होता.

त्या दिवशी तिने डबा चाटूनपुसून संपवला. पुढे ती पेरू मागू लागली, चिक्की मागू लागली. आई दटावी, "जीभ लावू नको गं. शूटिंग संपेपर्यंत राहू दे." पण जिभेवर कोणाची आई लक्ष ठेवू शकते?

लेखक त्या काळात बेचैन होते. त्यांना एक खोड होती. कुठल्याही मोठ्या प्रसंगाआधी ते मीरा रोडच्या नया नगरमधल्या एका बेकरीत जात आणि बेकरीवाल्यासमोर प्रसंग मांडीत. ते बेव्हर्ली पार्कला राहत, मीही त्याच बाजूला. त्यामुळे परतताना कधीकधी मी सोबत असे. त्या संध्याकाळी त्यांनी काउंटरवर कोपरे टेकून विचारले, "भाई, सीरियल में बच्ची मर जाए तो?"

बेकरीवाला खारी तोलत होता. "कौनसी? वो बंगलेवाली?"

"वही."

"क्यों मारते हो, सर? उसने क्या किया?"

"किया कुछ नहीं. लिखा हुआ है."

"किसने लिखा?"

बेकरीवाल्याने पुडी बांधून पुढे सरकवली. "खारी ले जाओ, गरम है. और बच्ची को छोड़ दो. मेरी अम्मी रोज़ देखती है, मुझे घर में जवाब देना पड़ेगा."

वाटेत ती खारी त्यांनी खाल्ली नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मरणाची जाहिरात वाहिनीवर झळकली. काळे ढग, शिळा, ओवीचा चेहरा आणि घंटेचा टोल. चित्रीकरणाचा दिवस ठरला. त्याच्या आदल्या दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, ओवी सेटबाहेर पायरीवर बसून मक्याचे कणीस खात होती. एकाएकी शेडमध्ये आरोळी ऐकू आली. ओवी झग्यावर रक्ताचे दोन ठिपके आणि मुठीत काहीतरी घेऊन प्लायच्या खांबांमधून धावत होती.

"पडला! पडला! मी वाचले!"

यमुनाबाईंचे काम करणारी अभिनेत्री पांढऱ्या फटक मेकअपमध्ये डबा खात बसली होती. तिने तशीच उठून मुलीला उचलले आणि गरगर फिरवले. लाइटवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. सेटिंगच्या माणसाने बुरुजाला मिठी मारली. ज्यांनी ज्यांनी ती शिळा रोज पुसली होती त्या सर्वांना त्या घटकेला न सांगता समजले की ही मुलगी सुटली.

वाहिनीकडून मालिकेवर देखरेख करणाऱ्या मॅडम तेवढ्यात गाडीतून उतरल्या. त्या वाईट स्वभावाच्या नव्हत्या. त्यांच्यावरही कोणीतरी होते. त्यांनी सगळे ऐकले आणि शांतपणे फोन काढला. "डोन्ट वरी. मीरा रोडला माझा ओळखीचा डेंटिस्ट आहे. खोटा दात बसवून देतो, एका रात्रीचं काम. उद्याचं शूट उद्याच."

सायंकाळी माप घ्यायला दंतवैद्याचा माणूस आला. ओवीने तोंड मिटले. आईने सांगितले, मॅडमनी चॉकलेट दाखवले, दिग्दर्शकांनी गंमत केली. ओठ घट्ट. शेवटी ती आईच्या कुशीत तोंड लपवून रडली आणि रडतारडता ओरडली, "चीटिंग आहे! तुम्हीच लिहिलंय आणि तुम्हीच चीटिंग करताय!" मग ती लेखकांकडे वळली. "काका, तुम्ही लिहिलंय ना? मग?"

"बेटा, ती नुसती स्टोरी आहे," मॅडम म्हणाल्या.

"मग स्टोरीतच करा ना बरोबर!"

येथे नेमके काय पणाला लागले होते, ते स्पष्ट केले पाहिजे. खोटा दात लावून ओवीला अर्थातच इजा होणार नव्हती. पात्र मेले असते, ती घरी गेली असती. परंतु स्वतःच्या बळावर वाचलेल्या पहिल्या वाक्यावर तिने विश्वास ठेवला होता. भीती होती तेव्हाही तो नियम तिने मान्य केला होता आणि त्या नियमाच्या आत राहून ती जिंकली होती. आता मोठी माणसे तोच नियम तिच्या तोंडात बोट घालून बदलायला निघाली होती. हे एकदा शिकलेले मूल पुढे कोणत्याही फळ्याकडे सरळ नजरेने पाहत नाही. मी अशी मुले पाहिली आहेत.

मॅडम लेखकांना म्हणाल्या, "सर, प्रोमो ऑलरेडी गेलाय. आणि टीव्हीवर दात कोण बघतंय?"

"जिला मरायचंय ती बघतेय."

"प्रॅक्टिकल व्हा ना प्लीज. मला वर काय सांगू? आणि खरं सांगू का, तुम्हाला नसेल जमत तर दुसरा रायटर सकाळपर्यंत मिळतो."

"मिळेल," ते म्हणाले. "त्याला नवा शाप लिहायला सांगा. हा यमुनाबाईंचा आहे. त्या शब्द मोडत नाहीत."

असे म्हणून ते माझ्या वर्गाच्या खोलीत आले, नेहमीच्या जागी मांडी घालून बसले आणि हात वर केला.

"बाई, विधान मांडलं. विधान खोटं ठरलं. मांडणाऱ्यानं काय करावं?"

"मान्य करावं."

"आणि मांडणाऱ्याचे वरिष्ठ?"

"वरिष्ठांचा गणिताशी संबंध नाही."

ते हसले. मग विचारले, "मान्य केल्यावर मांडणाऱ्याचं काय उरतं, बाई? यमुनाबाईंकडे दुसरं काहीच नाही हो. एवढा शापच आहे."

याचे उत्तर गणितात नव्हते. मी म्हटले, "त्यांची मुलगी आहे की." तेवढेच म्हटले. ते उठले, विजेरी पिशवीतच ठेवली आणि त्या अंधाऱ्या बोळात लॅपटॉप उघडून लिहायला बसले. सकाळी दृश्याची पाने सेटवर आली, छपाईची ऊब अजून त्यांत होती.

मॅडमनी ती उभ्याने वाचली, मग खुर्ची मागवून बसून वाचली. त्यांनी फोनवर कोणाशी तरी बराच वेळ इंग्रजीत वाद घातला. परत आल्या तेव्हा एवढेच म्हणाल्या, "प्रोमोत ती मरताना कुठं दाखवलीय? नुसती घंटाच आहे. करा."

दृश्य असे होते. बाहेर वादळ. यमुनाबाई मुलीच्या पलंगापाशी येतात. मुलगी घाबरत नाही. मूठ पुढे करून उघडते. यमुनाबाई पाहतात. इतक्या पिढ्या त्यांनी मुलींना जाताना पाहिले होते, पण पडलेला दुधाचा दात कधी पाहिला नव्हता. त्या खाली बसतात. त्यांच्या तोंडी एकच वाक्य होते : "एवढासा असतो होय?"

ओवीने मुठीत धरायला दिलेला नकली दात नाकारला आणि स्वतःचाच, आईच्या रुमालात बांधलेला दात आणला. अभिनेत्रीने तो तळहातावर घेतला आणि वाक्य म्हटले. तिथे ओवीचे काम संपले होते. पण ती थांबली नाही. तिने आपल्याच मनाने विचारले, "तुमच्या मुलीचा कुठंय?"

पानावर असे काही नव्हते. दिग्दर्शकांचा ‘कट’ म्हणायला वर गेलेला हात तसाच राहिला. अभिनेत्री म्हणाली, "तिचा पडायचा राहिला." मग तिने दात ओवीच्या मुठीत परत ठेवला, मूठ मिटली आणि आपल्या घरांत म्हणतात तसे म्हणाली, "जा, उंदराला दे. म्हणावं, तुझा बळकट दात मला दे."

लेखक कॅमेऱ्यामागे उभे होते. त्यांनी गळ्याचे वरचे बटण सोडले होते. मी त्यांना तसे पूर्वी कधी पाहिले नव्हते.

पुढच्या झोपेच्या दृश्याला फार वेळ लागला नाही.

यानंतर सगळे सुरळीत झाले असे लिहिले तर ते खोटे होईल. त्या भागाचे कौतुक झाले, पण शाप संपल्यावर भीती कमी झाली, असे वाहिनीचे मत पडले. काही आठवड्यांनी लेखक बदलले. नव्या लेखकांनी तळघरात नागीण आणली आणि यमुनाबाई मंगळवारीही बोलू लागल्या. थोड्या महिन्यांत मालिका बंद पडली. पण ओवीच्या पात्राला कोणी हात लावला नाही. जो शाप सर्वांसमोर फिटला होता, तो परत कोणत्या तोंडाने आणणार? ओवी आता वरच्या वर्गात आहे. पुढचे दात आले, जरा मोठेच आले. वाचन उत्तम आहे. वर्गात शिक्षकांनी एखादा नियम सांगितला की ती तो उभी राहून पुन्हा वदवून घेते, अशी तक्रार तिच्या आईने मला मोठ्या अभिमानाने ऐकवली.

आमचे लेखक सेट सोडताना माझ्या वर्गात आले होते. हात वर करून म्हणाले, "बाई, जाऊ?" मी म्हटले, "वही तपासून घ्या आणि जा." ओवीने तपासली. हातचा या खेपेलाही राहिला होता. हल्ली ते लहान मुलांसाठी गोष्टी लिहितात. मधूनच दुपारी फोन करतात आणि नमस्कार न करता सुरुवात करतात : "बाई, एक शंका. राक्षसानं तीन वेळा माफ करीन म्हटलं, आणि चौथ्यांदा मूल चुकलं, तर?" आम्ही मग तासभर त्या राक्षसाचा विचार करतो.

आता सुरुवातीचा प्रश्न. सांगून ठेवलेले मरण कोणाला बांधते? माझे उत्तर असे : ज्याला मरायचे आहे त्याला ते थोडेच बांधते; ज्याने सांगितले त्याला पुरते बांधते. गोष्ट सांगणारा स्वतःच्या अटीत राहिला तर त्या अटीतूनच एखाद्या मुलाला बाहेर पडायला वाट सापडते. तो अट मोडू लागला तर मात्र कोणालाच वाट उरत नाही, मग शेवट कितीही गोड असो.

हे माझे मत एका सेटवरच्या एका मुलीवरून बनले आहे आणि एका उदाहरणावरून सिद्धांत मांडू नये, हे मी स्वतःच शिकवत आले आहे. म्हणून विनंती आहे. आपल्या घरी किंवा शेजारी सहा-सात वर्षांचे मूल असेल तर त्याला एक गोष्ट सांगा. गोष्टीत एक अट घाला आणि ती पूर्ण करण्याची संधी नायकाला द्या. एकदा शेवटी ती अट पाळा. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या गोष्टीत, घातलेली अट मोडा. दोन्ही वेळा मुलाच्या चेहऱ्याकडे नीट पाहा. माझ्या शब्दावर विसंबू नका. कृपया स्वतः पडताळून पाहा.